दोनशे तेहेतीस कमी

“मेला रे तुझा बॉयलर, इद्वल,” रोलंड्सबाई म्हणाल्या.

प्रार्थना नुकतीच संपली होती. चॅपलमध्ये सातजण होते, सातही ओव्हरकोटात. गाताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती.

इद्वल प्रिचर्डला ते बोलणं लागलं. जन्मभर त्याने वेल्सच्या त्या खोऱ्यातली घरं उबदार केली होती. चॅपलचा बॉयलर तर त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतः गणित मांडून बसवला होता. आता तो चौऱ्याहत्तरचा होता. गुडघा धरत तो तळघरात उतरला. ज्योत निळी, स्वच्छ. पाणी हवं तेवढं तापत होतं. बॉयलर ठणठणीत होता. वर मात्र थंडी होती, हेही खरं.

“नव्यासाठी अनुदानाचा अर्ज भरतो, बाई,” तो वर येऊन म्हणाला. लहानपणी त्याच बाकांवर बाईंनी त्याला बायबल शिकवलं होतं.

“भर बाबा. नाहीतर कुलूप लावायचं. ह्या वयात मला इथे गोठून मरायचं नाही.”

घरी येऊन तो स्वयंपाकघरात बसला. बायको नेस्ट गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, तो तिथेच राहायचा. पुढच्या खोलीचं दार बंद असायचं. अर्जात ताकद वॅटमध्ये मागितली होती. बॉयलरच्या पाटीवर जुनं माप होतं, एक लाख वीस हजार बीटीयू. त्याने ३.४१२ ने भागलं. पस्तीस हजार एकशे सत्तर वॅट. मग भिंती, छप्पर, उंच खिडक्या यांतून किती ऊब निसटते ते काढलं. अठ्ठावन्न हजार सहाशे.

त्याने पुन्हा मांडलं. तेच आलं.

म्हणजे सेहेचाळीस वर्षांपूर्वी आपण लहान बॉयलर बसवला? प्रिचर्डचं काम डोळे मिटून घ्यावं, असं लोक म्हणायचे.

कपाटातून त्याने जुना कागद शोधून काढला. अक्षर त्याचंच, तिरकं, घाईचं. इमारत गमावते दोन लाख बीटीयू, म्हणजे तेच अठ्ठावन्न हजार सहाशे वॅट. त्याखाली एक ओळ होती. ‘माणसं दोनशे चाळीस. दरडोई ३३०.’ बसलेलं माणूस तेवढी ऊब देतं. म्हणजे एकेकाचे सत्त्याण्णव वॅट, सगळ्यांचे मिळून तेवीस हजारांवर. ते वजा करून उरलेल्यापुरता त्याने बॉयलर घेतला होता.

गणित चुकलं नव्हतं.

त्याने खाली आजचा आकडा लिहिला. सात माणसं, सहाशे ऐंशी वॅट. ‘बिघाडाचं कारण’ हा रकाना कोराच राहिला. मग का कोण जाणे, टेप घेऊन तो उठला आणि त्याने पुढच्या खोलीचं दार उघडलं. आतली हवा शिळी, गार होती. नेस्टची खुर्ची होती तशीच होती. त्याने भिंती मोजल्या. खोलीला नऊशे वॅट पुरेसे होते.

पुढच्या रविवारी बाईंनी दारातच विचारलं, “भरलास अर्ज?”

“नाही. बॉयलर चांगला आहे, बाई. दोनशे तेहेतीस माणसं कमी आहेत.”

“मग? ती कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळतात?”

सगळे हसले. इद्वल हसला नाही.

“मिळत नाहीत. पण सातजणांपुरती खोली आहे माझ्याकडे.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “नेस्टची?”

“हो. हिवाळाभर तिथेच जमू.”

त्याच्या पुढच्या रविवारी सगळे आले. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आत गेल्या. शेजारचा ओवेन न विचारता नेस्टच्या खुर्चीत बसला. इद्वलने छोटा हीटर लावला आणि दुसऱ्या भजनाला बंद केला. तिसऱ्या भजनापर्यंत सगळ्यांचे कोट त्याच्या पलंगावर जाऊन पडले होते. बाई भजनाच्या पुस्तकाने वारा घेत होत्या.

“जीव घेतोस का, इद्वल? उघड ती खिडकी!”

खिडकी चार वर्षांत घट्ट बसली होती. ती उघडायला तिघं लागले.