फोटोची बाजू

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून एनिडला अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावायची मुभा होती. फक्त निळं कार्ड काचेत ठेवायचं, व्हीलचेअरचं चित्र वर करून. तिनं ठेवलं उलटं, स्वतःचा फोटो वर. स्वॉन्सीच्या त्या सुपरमार्केटातल्या पार्किंगवाल्यांनी शंभर पौंडांचा दंड ठोकला.

लेक ग्लेनिस खवळली. ‘माझी आई एक्याऐंशीची आहे. कार्डाची सुलट बाजू कुठली, हे तिच्या लक्षात राहत नाही. म्हाताऱ्या बाईला लुबाडताना लाज नाही वाटत?’ असं खरमरीत पत्र तिनं धाडलं. दंड माफ झाला.

पुढच्या गुरुवारी एनिडनं तिथंच गाडी लावली, आरशात बघून लिपस्टिक फिरवली आणि कार्ड पुन्हा फोटो वर करून ठेवलं.

बाजूला बसलेल्या ग्लेनिसनं कपाळावर हात मारला. "आई, परत विसरलीस?"

"विसरतंय कोण? या फोटोसाठी मुद्दाम केस सेट करून घेतले होते मी." शेजारच्या राखीव जागेत विधुर एम्रिस काठी सावरत गाडीतून उतरत होता. एनिडनं त्याच्याकडे बघून गोड हात हलवला आणि लेकीला म्हणाली,



"व्हीलचेअरचं चित्र काय, त्याच्याकडेही आहे."