काचेवरचे ठिपके

निळं औषध झाकणात मोजून झालं होतं. समुद्री माशांच्या टाकीत ओतायचं तेवढं बाकी होतं.

प्रल्हादराव स्टुलावर बसून काचेकडे बघत होते. आतून सगळीकडे पांढरे ठिपके चिकटले होते, तिळाएवढे. नुसते ठिपके असते तर पुसून टाकले असते, पण हे सरकत होते. सकाळी पंपाजवळ दिसलेला दुपारी खडकावरच्या प्रवाळापाशी. भिंगातून पाहिलं तर कुणाला चार पाय, कुणाला पाच, एकाला तर जेमतेम अडीच. रोज ब्लेडने खरवडून काढायचे, आणि मेले रोज वाढतच होते. कालपासून समुद्रफूलही मिटून सुपारीएवढं झालं होतं. त्याच्या आसऱ्याने राहणारे दोन नारिंगी मासे कोपऱ्यात जाऊन उभे होते.

"वापीचा दुकानदार म्हणाला, साहेब, आ नाखी दो, बधुं साफ थई जशे. हे टाकलं की सगळं साफ," प्रल्हादराव म्हणाले.

"बधुं म्हणजे काय काय?" जयमालाबाईंनी दारातून विचारलं.

याचं उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून प्रल्हादरावांना राग आला.

"मरू दे सगळं! तिची टाकी, तिनं न्यायची होती. मी काय समुद्राचा ठेका घेतलाय?"

ती म्हणजे त्यांची मुलगी श्रुतिका. झरी गावच्या मिथुनशी वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करून ती गेली. प्रल्हादराव लग्नाला गेले नाहीत आणि त्यानंतर तिच्याशी अक्षरही बोलले नाहीत. टाकी तेवढी इथे डहाणूत राहिली. ती विकून टाकणार असं ते भेटेल त्याला ठणकावून सांगत, आणि भरतीची वेळ बघून नरपडहून स्कूटरवर समुद्राचं पाणी आणत. ते पाणी बायकोच्या जुन्या साडीतून गाळायचं कामही दुसऱ्या कुणाला करू देत नसत. माणूस हट्टी होता, एवढंच.

"ओतायच्या आधी तिला एकदा विचारा," जयमालाबाई म्हणाल्या.

"मी विचारू?"

"ओतणार तुम्ही, मग विचारायचं पण तुम्हीच. मी नाही मध्ये पडणार."

प्रल्हादरावांनी झाकण उचललं. हात पाण्यावर आला आणि तिथेच थांबला. दोन थेंब बोटावर सांडले.

सगळी नोकरी त्यांनी स्टेशनमास्तर म्हणून काढली होती. पुढच्या स्टेशनला विचारल्याशिवाय साधी मालगाडी कधी सोडली नाही. कितीही घाई असो, आधी फोन. समोरून आलेला शब्द लगेच जसाच्या तसा उलट म्हणून दाखवायचा. म्हणून दाखवला नाही, तर तो मिळालाच नाही असं धरायचं. निवृत्तीनंतरही ही खोड सुटली नव्हती. जयमालाबाईंनी "दळण आणा" म्हटलं, की "दळण आणायचं" असं म्हणूनच ते चप्पल घालत.

त्यांनी झाकण खाली ठेवलं.

"लाव फोन," ते खेकसले.

जयमालाबाईंनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला. पडद्यावर श्रुतिकाचा चेहरा आला. वाळली होती की काय, असं त्यांच्या मनात आलं.

"बाबा?"

त्यांनी घाईघाईने कॅमेरा काचेकडे वळवला.

"हे काय आहे ते सांग."

"जवळ न्या. अजून थोडं. हात हलवू नका ना."

त्यांनी कोपर टाकीच्या काठावर टेकवलं.

"औषध नाही ना टाकलंत?"

"मोजून ठेवलंय. निळं."

"टाकू नका! बाबा, टाकू नका हं. पहिलं समुद्रफूल मरेल."

"औषध टाकायचं नाही," प्रल्हादराव म्हणाले आणि झाकण दूर सारलं.

"ते तारामासे आहेत. ही जात एवढीच राहते. शेवाळ खातात, माशांना काही करत नाहीत."

"तारामासे. माशांना काही करत नाहीत."

"तुम्ही खरवडता का त्यांना?"

"ब्लेडने."

"म्हणून तर वाढले! एकाचे दोन तुकडे केले की दोन्ही जगतात. आणि सारखा हात घालताय, म्हणून फूल मिटलंय. थोडे दिवस सोडा त्याला, उमलेल."

"ब्लेड बंद. हात घालायचा नाही."

जयमालाबाईंना हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"पाणी छान ठेवलंय," श्रुतिका म्हणाली. "कुठलं घालता?"

"नरपडचं."

"कोण आणतं?"

प्रल्हादराव बाहीने काचेचा काठ पुसू लागले. या प्रश्नाला उलट म्हणून दाखवायची सोय नव्हती.

"रविवारी येते मी टाकी बघायला," श्रुतिका म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "आम्ही दोघं येतो."

खोलीत पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. फोन अजून काचेकडेच होता. पलीकडे तिला तारेच दिसत असतील. जयमालाबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

फोन ठेवून देता आला असता, पण श्रुतिकाने ठेवला नाही. ती रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली होती. उलट शब्द येईपर्यंत थांबायचं असतं, हे तिला माहीत होतं.

प्रल्हादरावांनी फोन स्वतःकडे वळवला.

"रविवारी येताय," ते म्हणाले. मग फोन चेहऱ्याजवळ आणला.

"दोघं."