आत्याची बाटली

एडवणचा कुशल स्किटमध्ये साडी नेसून आपल्या प्रेमलाआत्याची नक्कल करायचा आणि अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसायचा. पुढे त्याने पॉडकास्ट काढला, तिथेही पाहुण्याआधी लोक त्यालाच हसायचे. आता सिनेमात पहिल्यांदाच गंभीर भूमिका मिळाली होती. बोईसरच्या थिएटरात सगळं गाव लोटलं. पडद्यावर तो दिसला रे दिसला, की शिट्ट्या आणि हशा.

"तुजा तोंड बगला का हासूच येता रे," शेजारी बसलेली आत्या म्हणाली.

सिनेमाच्या शेवटी कुशल बायकोच्या मांडीवर प्राण सोडणार होता. लोक तिथेही हसले, तर पॉडकास्टवर कोणता विनोद करून वेळ मारून न्यायची, हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं.

तो प्रसंग आला. पडद्यावरची बायको नुसतीच रडत राहिली. आत्या ताडकन उठली आणि पिशवीतली पाण्याची बाटली उंच धरून तिच्यावर ओरडली, "अगो, रडत काय बसलीस? पानी घाल त्याच्या तोंडात!"

पडद्यावर मरणारा कुशल धडधाकट आत्याच्या शेजारीच बसला होता. तरी भरलेल्या थिएटरात एकही माणूस हसला नाही.