धण्याचं पाणी

"एकशे सोळा," संचिता म्हणाली आणि तिनं मनगटावरची बोटं काढली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती. गोदूबाईंनी सुनेला डाव्या कुशीवर निजवलं, पाठीशी उशी दिली आणि धण्याच्या पाण्याचा पेला पुढं केला. "श्वास हळू सोड. घाई कसली नाही." आतल्या खोलीत हितेश टीव्ही बघत होता.

संचिताला सातवा महिना होता. मागच्या वर्षीचं चौथ्यातच गेलं, त्यामुळे मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत या खेपेला सगळं जपून चाललं होतं. छातीत धडधड सुरू झाली तशी गोदूबाईंनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासला, ईसीजी काढला. सगळं ठीक निघालं. या दिवसांत नाडी थोडी जलद चालतेच, पाणी भरपूर प्या, चहा कमी करा, कुशीवर पडा, श्वास लांब सोडा, असं त्यांनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून लिहायची, महिन्यानं आकडे घेऊन यायचं, आणि चक्कर आली किंवा दम लागला तर तडक यायचं.

आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर उतरू लागले. तिथं आधीपासून गोदूबाईंचं राज्य होतं. सिलिंडर कधी लावला, दूध कधी नको, आणि मुख्य म्हणजे हितेशची पाळी. तो एमआयडीसीत कामाला होता आणि डब्याची वेळ पाळीवर ठरायची. लाल पेन्सिलीचा एक गोल म्हणजे फर्स्ट शिफ्ट, तो साडेतीनला घरी. दोन गोल म्हणजे सेकंड, तो दुपारी दोनला जाणार. आता गोलाखाली संचिता दोन आकडे लिहायची, वर सकाळचा, खाली संध्याकाळचा.

गोदूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण घरगुती औषधात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी सब्जा दिला. उतार पडेना. दुसऱ्या आठवड्यात धण्याचं पाणी सुरू केलं आणि संध्याकाळचा आकडा एकशे चौदावरून थेट चौऱ्याऐंशीवर आला. सकाळचा तेवढा वर गेला, तो त्यांनी अपुऱ्या झोपेच्या खात्यावर टाकला. शेजारच्या तीन घरांत धण्याच्या पाण्याची कीर्ती पोचली. तिसऱ्या आठवड्यात त्याच धण्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी वाण्यावर ठपका ठेवला आणि दुकान बदललं.

हितेश वाईट नाही, असं त्यांचं मत होतं. दारू नाही, हात उचलणं नाही. फक्त बोलायचा. जिना का चढलीस, फोन कुणाचा होता, मागचं तूच घालवलंस, आता हेही घालव. आवाज न चढवता बोलायचा, त्यामुळे ते भांडण वाटत नसे. संचिता एकदा रडली तेव्हा गोदूबाई म्हणाल्या होत्या, "तोंडानं फटकळ आहे गं तो. मनात काही नसतं त्याच्या." त्यानंतर ती त्यांच्यापुढं रडली नाही.

चौथ्या आठवड्यात चुलतभावाच्या लग्नाला हितेश चार दिवस जुन्नरला गेला. तो परतायचा त्या दिवशी, संध्याकाळी, गोदूबाई कॅलेंडर खाली घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडं जायचं होतं. आकडे एका कागदावर उतरवता उतरवता त्यांची पेन्सिल थांबली.

एक गोल असलेल्या चौकटींत संध्याकाळचे आकडे शंभराच्या वर होते. दोन गोल असलेल्या चौकटींत सकाळचे. सुट्टीच्या वारी दोन्ही. शेवटच्या चार चौकटींत गोलच नव्हता, आणि तिथं सगळे आकडे ऐंशी, ब्याऐंशी. धणे संपल्यामुळे त्या चार दिवसांत धण्याचं पाणीही राहून गेलं होतं.

गोदूबाईंना लाज वाटली. आधी वाण्याची, मग सुनेची.

त्या उठून संचिताजवळ बसल्या आणि तिचं मनगट हातात घेतलं. ती डोळे मिटून पडली होती. नाडी संथ चालली होती. तेवढ्यात खाली हितेशची बाइक थांबल्याचा आवाज आला. गोदूबाईंच्या बोटांखाली नाडी पळायला लागली. संचितानं डोळे उघडले नाहीत, तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

हितेश खाली कुणाशी तरी बोलत रेंगाळला. गोदूबाईंनी ओट्यापाशी जाऊन एक फोन केला, मग कपाटावरची मोठी पिशवी काढली आणि कपडे भरायला घेतले. चेनच्या आवाजानं संचिता उठून बसली. तिचं माहेर मोहन्याला, एका खोलीत भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुलं. म्हणून तर बाळंतपण इथंच करायचं ठरलेलं.

"आई, दादाकडं जागा नाहीये," ती हळूच म्हणाली. "मी नीट राहीन इथं. काही बोलणार नाही."

गोदूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवी दारात नेऊन ठेवली.

हितेश आत आला. त्यानं पिशवी बघितली, बायकोकडं बघितलं आणि चपला काढता काढता म्हणाला, "चाललीय का माहेरी? बरं झालं. इथं नुसतं टेन्शन देऊन ठेवलंय तिनं."

"चपला राहू दे पायात," गोदूबाई म्हणाल्या. "कल्याणला मामाला फोन केलाय मी. बाळ हाताशी येईपर्यंत तिचं माहेर हेच. पिशवी तुझी आहे."