अडलेली पुंगळी

कोविडमुळे घरी अडकलेला विवेक परदेशात, केलीव्हिलच्या आपल्या गॅरेजात, रायफलच्या काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायला शिकत होता. पण साच्यात दाबून अगदी मापात आणलेली रिकामी पुंगळीसुद्धा रायफलमध्ये पुरती बसेना. झूमवर चार इंजिनिअर मित्र जमले. त्यांच्या सांगण्यावरून त्याने आठवडाभर पुंगळ्या मोजल्या, घासल्या, साचा बदलला. शेवटी दोनशे पुंगळ्या भंगारात काढायचं ठरलं.

"रायफलच्या आत कोणी बघितलं का?" चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं.

"रायफलला काय झालंय? खंडेनवमीला पूजा केलीय तिची."

तिने टॉर्च मारला. आत अक्षतेचा एक दाणा अडकला होता.

विवेकने चिमटा उचलला, तेवढ्यात स्क्रीनवरचा हृषिकेश म्हणाला, "थांब. उत्तरपूजा केलीस का?"

चौघांनी मिळून पुण्याच्या गुरुजींना लिंक पाठवली.