टाकी भरायची की रिकामी?

"अरे, तो पाना नव्हे, दहाचा घे! बोल्ट स्लिप करशील," पायरीवर बसलेले मुकुंदराव धाकट्या भावावर करवादले. काचबिंदूने नजर गेली होती. कान मात्र अजून मोटरसायकलपाशीच होते.

भावाने बॅटरी काढली. उंदीर शिरू नयेत म्हणून कुमुदने सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं. ऑपरेशननंतर डॉक्टर तिला आणि दिराला बाजूला घेऊन जे बोलले, ते दोघांनी घरात आणलंच नव्हतं. "येईल हळूहळू नजर," असं ती रोज त्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना म्हणायची, आणि ते नुसते हुंकार भरायचे.

"दादा, पेट्रोलचं काय करू?"

"ते हिला विचार. चार-सहा महिन्यांचाच प्रश्न असेल, तर टाकी काठोकाठ भर, म्हणजे गंज धरत नाही. वर्षानुवर्षं उभी राहणार असेल, तर पार रिकामी कर आणि आतून ऑइल फिरव."

दिराने वहिनीकडे पाहिलं. ती घाईघाईने म्हणाली, "भरा भावजी, काठोकाठ!"

"नीट विचार करून सांग गं," मुकुंदरावांचा आवाज उतरला. "पेट्रोल आत सडलं की इंजिनाची वाट लागते. मला काय सांगायचं ते सांग, पण गाडीला फसवू नकोस."

कुमुद त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. सायलेन्सरच्या काजळीने माखलेल्या हातांनीच तिने त्यांचा हात धरला.

"रिकामी करा, भावजी. अहो... तुम्हाला आता दिसणार नाही."