पाय उचल
सकाळी डबा भरताना आई सवयीने म्हणाली, “पाय उचल, उशीर होतोय.” लेक एक पाय वर धरून दाराशी उभी राहिली. काल हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर “हात चालव” म्हणाला, तेव्हाही ती टॉवेल ठेवून रिकामे हात हलवत राहिली होती. नोकरी जाणारच होती, पण स्वमग्न तरुणांना काम शिकवणाऱ्या ताईने त्याला समजावलं, “सरळ सांगा, ‘एक टॉवेल झाला, की दुसरा घे.’” नोकरी टिकली. “मला ताईचं बोलणं कळतं,” लेक आता म्हणाली, “तुझं नाही.” जन्मापासून बोलली आई, आणि कळावं चार दिवसांच्या परकीचं. “त्या ताईमुळे माझ्या पोटात दुखतंय,” आई पुटपुटली. “गोळी घे,” लेक म्हणाली. तिचा उचललेला पाय थरथरत होता. आईने ताईसारखं सांगितलं, “पाय खाली ठेव. चपला घाल. आता निघ.”